रास्पबेरी पायला, मुस्तफाच्या निमित्तानं

प्रिय रास्पबेरी पाय,

"एवढा चांगला कॉम्प्युटर, आणि त्यावर गेम?" हे वाक्य हल्ली तुझ्यासमोर वरचेवर बोललं जातं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. काही वर्षं तू आमच्या घरचा जुना प्रिंटर सांभाळलास. पुढे वाय-फायवाला नवा प्रिंटर आला, तुझं काम संपलं आणि तू ड्रॉवरमध्ये जाऊन पडलास, निकामी चार्जर आणि मुदत संपलेल्या वॉरंटी कार्डांशेजारी. तिथून काढून मी तुला प्लायवूडच्या खोक्यात बसवलं, टीव्हीला जोडलं, आणि आता संध्याकाळी तू व्हिडिओ गेम चालवतोस. लोकांना वाटतं, तुझी पायरी उतरली. मला तसं अजिबात वाटत नाही. का वाटत नाही, ते तुलाच उद्देशून पण चारचौघांत सांगावं, म्हणून हे पत्र.

तुझ्या हिरव्या बोर्डावर 'रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी' अशी पांढरी अक्षरं आहेत आणि जवळच 'मेड इन यूके'. वेल्समध्ये पेन्कॉइड इथे सोनीचा कारखाना आहे, तिथला तुझा जन्म. तळहातावर मावशील एवढा तू. तुझ्या घराण्यातला पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विकायला आला. तू बरोबर चार वर्षांनी, २०१६ च्या २९ फेब्रुवारीला, त्याच किमतीत. पण तुझी खरी गोष्ट त्याआधीची आहे. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली होती, आणि जी यायची त्यांचा हात पूर्वीसारखा बसलेला नसायचा. एबन अप्टन तेव्हा तिथे शिकवत होते. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की आधीच्या पिढीतली मुलं घरच्या बीबीसी मायक्रोवर, स्पेक्ट्रमवर, कमोडोरवर उलटसुलट प्रोग्रॅम लिहून, ते बिघडवून, दुरुस्त करून मग विद्यापीठात यायची. त्या घरगुती संगणकांची जागा गेम कन्सोलनं घेतली होती. कन्सोलवर खेळता येत होतं, आत डोकावता येत नव्हतं.

म्हणून तू आलास. मुलांनी खेळू नये असं तुझ्या कर्त्यांना वाटत होतं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. रास्पबेरी पाय फाउंडेशनच्या संस्थापकांत डेव्हिड ब्रेबन आहेत, आणि ब्रेबन म्हणजे 'एलिट' या खेळाचे कर्ते. १९८४ साली त्यांनी आणि इयन बेल यांनी बीबीसी मायक्रोच्या अवघ्या ३२ किलोबाइट मेमरीत आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते. ग्रहांची यादी साठवायला जागाच नव्हती. एका छोट्या सूत्रातून प्रत्येक ग्रह लागेल तेव्हा नव्यानं काढायचा आणि दर वेळी तो तसाच यायचा. हे डोकं एका खेळासाठी लढवलेलं होतं. तुझ्या कुळात खेळ आणि शिकणं यांच्यात भिंत कधी नव्हतीच. तुझ्या नावातलं 'मॉडेल बी'सुद्धा बीबीसी मायक्रोकडून आलंय.

हाच बीबीसी मायक्रो १९८४ च्या सुमारास आपल्याकडेही आला होता. केंद्र सरकारच्या 'क्लास' या प्रकल्पात देशभरातल्या निवडक शाळांना तो मिळाला. आमची शाळा त्या निवडक शाळांत नव्हती. पण त्या यंत्रात जी चिप होती तिच्याशी माझी ओळख दुसऱ्याच वाटेनं झाली, आणि त्या वाटेबद्दल तुला सांगायलाच हवं, कारण तूही तिच्यावरच उभा आहेस.

चिपचं नाव ६५०२. चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमओएस टेक्नॉलॉजीत ती घडवली आणि १९७५ साली २५ डॉलरला विकायला ठेवली. त्या काळी तिच्या तोडीच्या चिपांना शंभरावर डॉलर मोजावे लागत. आत जेमतेम साडेतीन हजार ट्रान्झिस्टर. ॲपल टूमध्ये ती होती, बीबीसी मायक्रोत ती होती, आणि थोडा फेरफार करून निन्टेंडोनं १९८३ साली आपल्या फॅमिकॉममध्ये तीच घातली. फॅमिकॉमच्या तैवानी आणि चिनी नकला पुढे जगभर पसरल्या. आपल्याकडे लिटल मास्टरसारख्या नावांनी त्या घराघरांत आल्या. शेजारच्या काकूंकडे तसला एक होता. टीव्हीच्या मागे वायर खोचायची, चॅनेल फिरवत फिरवत चित्र पकडायचं, कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, परत दाबायची. मारिओ मी तिथे पहिल्यांदा पाहिला.

आता गंमत बघ. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या ॲकॉर्न कंपनीचे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर १९८३ मध्ये पुढच्या संगणकासाठी चिप शोधत अमेरिकेत ॲरिझोनाला गेले. ६५०२ घडवणाऱ्यांतलेच एक, बिल मेन्श, तिथे मूठभर माणसं हाताशी घेऊन नव्या चिपा काढत होते. एवढ्या थोड्या माणसांत चिप होते, तर आपणही करू, असं ठरवून दोघं परतले. २६ एप्रिल १९८५ रोजी त्यांची पहिली एआरएम चिप तयार होऊन आली आणि त्याच दिवशी चालली. फर्बर यांनी तिला किती वीज लागते हे मोजायला मीटर लावला, तर आकडा शून्य. तपासलं तेव्हा कळलं की चिपची वीजजोडणी झालेलीच नव्हती. शेजारच्या भागांकडून येणाऱ्या सिग्नलांतून जी काही वीज झिरपत होती तेवढ्यावर ती बिनतक्रार काम करत होती. तुझ्या पोटातली चिप त्याच घराण्यातली. आणि मी तुला संध्याकाळी काय करायला लावते? ६५०२ सारखं वागायला. ज्या चिपच्या प्रेमातून तुझा वंश सुरू झाला, तिचं काम तू पुढे चालवतोस. याला पायरी उतरणं कसं म्हणायचं?

हे काम सोपं आहे असंही कुणी समजू नये. फॅमिकॉमच्या चिपची भाषा तुला येत नाही. कॅसेटमधली एकेक आज्ञा तू वाचतोस, तिचा अर्थ लावतोस, तुझ्या भाषेत ते काम करतोस आणि पुढच्या आज्ञेकडे वळतोस. हे सगळं मूळ यंत्राच्या वेळेत. त्या यंत्रात मेमरी होती दोन किलोबाइट, तुझ्याकडे एक गिगाबाइट, म्हणजे पाच लाखपटींहून जास्त. पडद्यावरचं एक चित्र उभं करायला त्याच्या चिपला सुमारे ३० हजार ठोके मिळायचे; तुझ्या एका कोअरला तेवढ्याच वेळात दोन कोटी मिळतात. एवढी सुबत्ता असून तू मर्यादा पाळतोस, हे मला फार आवडतं. मूळ ६५०२ ला दशमान पद्धतीनं बेरीज करता येत होती. फॅमिकॉमच्या चिपमध्ये ती सोय बंद केलेली होती, म्हणून तिची नक्कल करताना तूही ती विसरतोस. मूळ यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकायचं. नववं आलं की काहीतरी गाळावं लागे, म्हणून गर्दीच्या जागी शत्रू लुकलुकायचे. तुला आठच काय, आठशे दाखवता येतील. तरी माझ्या टीव्हीवर शत्रू लुकलुकतात. सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा उठवता येते. मी उठवत नाही. खेळ करणाऱ्यांनी त्या लुकलुकण्यासकट खेळ आखला होता.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम बदलली. मूळ फॅमिकॉम सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, कारण जपान-अमेरिकेतले टीव्ही तसे होते. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५०. त्या टीव्हींसाठी बनलेल्या नकली यंत्रांवर तोच खेळ, तेच संगीत सहाव्या हिश्शानं संथ चालायचं. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एम्युलेटरमध्ये, या नकलांसाठीही वेगळा पर्याय आहे, १९९२ साली रशियात निघालेल्या 'डेंडी' या फॅमिकॉमच्या नकलेच्या नावानं. तो निवडला आणि मारिओचं गाणं लागलं, तेव्हा स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. "काकूंकडचं ना हे?" म्हणाली. मूळ यंत्राची नक्कल करणं समजू शकतं. कुणीतरी त्याच्या नकलेचीही इतक्या आस्थेनं नोंद ठेवली आहे, आणि ती तुझ्यापर्यंत फुकट पोचली आहे. या कामामागे असलेल्या, बहुतेक वेळा एक पैसाही न मिळालेल्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण मारिओ माझ्या वाट्याला आला तरी होता. मला तुझ्याकडून हवा होता तो मुस्तफा.

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेम पार्लर होतं. दाराला मेणकापडाचा पडदा. आत चार-पाच मशिनं, प्रत्येकासमोर पोरांचा घोळका, एक जण खेळणारा आणि बाकीचे सल्ला देणारे. नाणं पडल्याचा आवाज, मग ठोसे, किंकाळ्या, मोटारीचा घरघराट. शाळेतली मुलं दुसऱ्या दिवशी सांगायची, काल मुस्तफा कितव्या स्टेजला गेला. टोपीवाला मुस्तफा कैरो सगळ्यांचा लाडका, त्याची धावत येऊन मारलेली उडती लाथ सगळ्यांना करून दाखवता यायची. आम्ही मुली त्या पडद्याच्या अलीकडून जायचो. कुणी पाटी लावलेली नव्हती, कुणी अडवलंही नसतं कदाचित. पण आत जायचं नाही हे आम्हाला ठाऊक होतं आणि घरच्यांनाही. तो खेळ मी फक्त ऐकला. पुढे पार्लर बंद पडलं, तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान आलं.

त्या खेळाचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कंपनी कॅपकॉम, साल १९९३, आणि तो मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकवरून केलेला आहे, हे सगळं मला नंतर कळलं. आणि हेही कळलं की तो मला विकत घेता येणार नाही. कॅपकॉमचे त्या काळातले कितीतरी आर्केड गेम पुढे घरच्या कन्सोलसाठी निघाले, संग्रहांतून पुन्हा पुन्हा विकले गेले. हा एक आर्केड गेम घरच्या कुठल्याही यंत्रासाठी अधिकृतपणे कधी निघालाच नाही. कॉमिकचे हक्क एकाकडे, खेळाचे दुसऱ्याकडे, आणि त्यांची मोट पुन्हा कुणी बांधली नाही. पैसे हातात घेऊन मी उभी आहे आणि समोर दुकानच नाही, अशी ही स्थिती. हे मुस्तफापुरतं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

म्हणून मी त्या खेळाचा मूळ आर्केड बोर्डच शोधायला लागले. जुन्या मशिनांचे सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाकडे तो मिळाला, नशिबानं अस्सल. आपल्याकडे नकली बोर्डांचाच सुळसुळाट होता. टेबलावर ठेवून बघितला तेव्हा आधी त्याची लांबी-रुंदीच अंगावर आली. तुझ्यासारखे कितीतरी त्यावर शेजारी शेजारी मावतील. काही चिपांच्या डोक्यावर काचेची गोल खिडकी आणि त्यावर कागदी स्टिकर. या चिपांतली माहिती अतिनील प्रकाशानं पुसली जाते, म्हणून खिडकी झाकायची. एका चिपचा स्टिकर अर्धा उचकटलेला होता. आणि बोर्डावर एक लहानशी बॅटरी. या मालिकेतल्या बोर्डांत आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा कुलपात ठेवलेल्या असतात आणि कुलपाची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर टिकते. नकली माल रोखण्यासाठी कॅपकॉमनं केलेली ही सोय. बॅटरी संपली की किल्ली जाते, बोर्ड कामातून जातो. तीस वर्षांत ती संपणारच होती आणि संपलेलीच होती. बनवणाऱ्यांनीच त्या खेळाच्या मरणाची तारीख त्याच्या पाठीवर डकवून ठेवली होती.

पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या माझ्या मित्रानं त्या चिपा एकेक करून वाचल्या आणि त्यांच्या फाइली केल्या. निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये सुरू केलेल्या 'मेम' या प्रकल्पात हजारो आर्केड बोर्डांची नोंद आहे. कुठल्या बोर्डावर कुठली चिप, तिच्यातल्या माहितीचा ताळा काय, सगळं. आम्ही आमच्या फाइली त्या नोंदीशी ताडून पाहिल्या. बाकी सगळ्या जुळल्या, एक जुळेना. अर्धवट स्टिकरवाली. किती वर्षं कुठल्या खिडकीशेजारी पडून होती कोण जाणे, तिच्यातले काही अंक उडाले होते. बॅटरीत हरवलेली किल्ली मेमच्या लोकांनी कधीच शोधून ठेवली आहे, ती मिळाली. पण ही एक चिप दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी देशात, तिची खिडकी शाबूत असताना उतरवून ठेवली नसती, तर पैसे मोजून आणलेला माझा बोर्ड म्हणजे नुसता पत्रा होता.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत रीतसर आहे, त्यानं नुकसानीपासून बचाव म्हणून तिची दुसरी प्रत करून ठेवायला हरकत नाही. म्हणजे माझ्या चिपांच्या फाइली मी करू शकते. पण प्रत करायच्या आधीच नुकसान झालं असेल तर? दुसऱ्याच्या बोर्डावरून उतरवलेली तीच माहिती मी माझ्या चिपच्या जागी वापरली, तर मी कोण? कायद्याकडे याचं सरळ उत्तर नाही. मी ती वापरली, आणि ते इथे उघडपणे लिहिते आहे, कारण ज्यांनी कायदे करायचे त्यांच्यापुढे हा प्रश्न यायलाच हवा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे तिथल्या ग्रंथालयांनी आणि जतन करणाऱ्यांनी मागणी मांडली होती, की बाजारात न मिळणारे गेम संशोधकांना घरबसल्या पाहू द्यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. पुस्तक छपाईबाहेर गेलं तरी वाचनालयात त्याची एक प्रत उरते, कुणीतरी ते मागायला येतं, ग्रंथपाल कपाटातून काढून देतो. खेळांसाठी असं कपाट कुठे आहे? माझ्या घरी ते तू आहेस.

पण हे कपाट भरायचं म्हणून 'दहा हजार गेम भरलेलं कार्ड' मी घेतलं नाही. तुझ्याबरोबर ते सर्रास विकलं जातं. त्या कार्डात आज विकत मिळणारे गेमही फुकट कोंबलेले असतात, ज्यांचे पैसे करणाऱ्यांना मिळायला हवेत. शिवाय दहा हजारांतून एकही धड खेळला जात नाही. माणूस यादी खाली-वर करत बसतो. माझ्या कार्डात मोजके आहेत आणि प्रत्येक कुठून आला ते मला सांगता येतं.

तुझ्या खोक्याबद्दल थोडं. बटणं आणि जॉयस्टिक पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणली. दुकानदारानं बटण कानाशी धरून दाबून दाखवलं, आतल्या मायक्रोस्विचची टिक ऐकवली आणि म्हणाला, "ताई, ही टिक गेली की बटण गेलं. खालचा स्विच तेवढा बदलायचा, बटण टाकायचं नाही." तुझ्या कडेला चाळीस पिना आहेत, थेट त्यांना बटणं जोडता येतात, पण मी मधे यूएसबीचा छोटा बोर्ड घातला, वायरिंग चुकलं तर तू जळायला नकोस. प्लायला भोकं सुतारानं पाडून दिली. टीव्हीला जोडल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह यायला लागलं, म्हणजे तुला पाच व्होल्ट पुरते मिळत नव्हते. ड्रॉवरमधला मोबाइलचा चार्जर आणि त्याची बारीक तारेची केबल, दोन्ही बदलावी लागली. तू एवढा छोटा असून अडीच अँपिअर मागतोस हे लोकांना पटत नाही आणि मग तुझ्या नावानं खडे फोडतात. तुला उपाशी ठेवून पळायला लावलं तर तू धापा टाकणारच.

मग एका संध्याकाळी मी मुस्तफा लावला. पडद्याच्या पलीकडचे सगळे आवाज एकामागून एक ओळखीचे निघाले आणि प्रत्येकाला आता चित्र मिळालं. घरघर करणारी मोटार कुठली, किंकाळी कुणाची. गोष्ट डायनोसॉरच्या चोरट्या शिकारीविरुद्धची आहे, आणि खेळणारी चौघं डायनोसॉरांच्या बाजूनं लढतात, हे शाळेतल्या एकाही मुलानं कधी सांगितलं नव्हतं. आणि चौघांत एक बाई आहे, हेही नाही. हॅना डंडी. पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

भाचीनं तिलाच निवडलं. अकरा वर्षांची आहे. तिला पार्लर माहीत नाही, फॅमिकॉम माहीत नाही, आठवण येण्याचा प्रश्नच नाही. थोडा वेळ खेळली आणि विचारलं, "मावशी, मी मेले की परत पहिल्यापासून?"

"नाणं टाकायचं. हे लाल बटण म्हणजे नाणं."

"मग हरायचं कसं?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. खेळाची सगळी आखणी रुपया संपण्यावर उभी आहे. नाणी अमर्याद मिळाली की शत्रू कितीही आले तरी भीती उरत नाही, आणि हवं तिथे खेळ गोठवून ठेवायची तुझी सोय वापरली तर उरलीसुरली चुरसही जाते. तू ती सोय देतोस याबद्दल माझी तक्रार नाही. पाठीच्या दुखण्यानं जास्त वेळ बसता न येणाऱ्या माझ्या भावाला तिच्यामुळेच एखादा गेम पूर्ण करता येतो. पण आमच्या घरी आता नियम ठरलाय: तीन नाणी, मग दुसऱ्याची पाळी. नियम भाचीनं केला. तेव्हापासून ती हरायला लागली आणि तेव्हापासूनच तिला खेळ आवडायला लागला.

तुझ्या मर्यादाही लिहायला हव्यात, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. सुपर निन्टेंडोवर 'एअर स्ट्राइक पॅट्रोल' नावाचा एक विमानांचा गेम आहे. त्यात जमिनीवर पडणारी विमानाची सावली मूळ यंत्र ओळ काढता काढता मधेच बदल करून दाखवायचं. बहुतेक एम्युलेटरांमध्ये ती सावली दिसतच नसे. बीएसनेस या एम्युलेटरच्या कर्त्यानं ती दिसेपर्यंत मूळ यंत्राचा पाठपुरावा केला आणि २०११ साली लिहून दाखवलं की इतक्या काटेकोर नकलेला तीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागतो. तुझा १.२ चा. तू तिथे थोडं उरकतोस, आणि बहुतेक गेममध्ये ते कळत नाही. त्यापुढची त्रिमितीय यंत्रं आली की तू अडखळतोस. तुझ्या पुढच्या पिढ्यांनी ते काम उचललंय. बदकं मारायची बंदूक सपाट टीव्हीवर चालत नाही, ती जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीशीच बोलायची. उशिराचं मात्र तू छान निभावतोस. नव्या टीव्हीवर बटण दाबल्यानंतर क्षणभरानं मारिओ उडी मारतो. एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅममध्ये २०१८ पासून यावर एक उपाय आहे: तू खेळाची सद्यस्थिती जपून ठेवतोस, एक चित्र पुढे पळून बघतोस, तेच दाखवतोस आणि परत मागे येतोस. हे सेकंदाला साठ वेळा. समोर बसलेल्याला एवढंच जाणवतं की उडी वेळेवर पडली.

आता तुझ्या पुढच्या कामाचं. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात शनिवारी दुपारी तुला नेऊन ठेवायचं बोलणं चाललंय. तिथे मुस्तफा नसेल. ज्याच्या हक्काबद्दल शंका आहे ते सार्वजनिक जागेत न्यायचं नाही. पण नेण्यासारखं पुष्कळ आहे. डाइसुके अमाया यांनी एकट्यानं पाच वर्षं खपून केलेली 'केव्ह स्टोरी' २००४ पासून मोफत आहे. १९८१ चा 'रॉबी रोटो' हा आर्केड गेम हक्कदारांनी बिगरव्यापारी वापरासाठी खुला केलाय. 'डूम'चा पहिला भाग वाटायला खुला आहे, पण तो लहानांसाठी नाही. आणि 'मायक्रो मेजेस'ची प्रत मी विकत घेतली आहे, तिथे खेळायला देण्याबद्दल करणाऱ्यांना पत्र लिहून विचारलंय. फॅमिकॉमच्या पिढीतल्या यंत्रासाठी २०१९ साली नव्यानं लिहिलेला, सगळा मिळून ४० किलोबाइटचा गेम. मुलांना मी तो आकडा सांगणार आहे, आणि मग तुझं झाकण काढून आतला बोर्डही दाखवणार आहे. कीबोर्ड जोडून पायथनच्या चार ओळी लिहायची सोय खोक्याच्या मागे ठेवली आहे, ज्याला हवी त्यानं वापरावी.

ग्रंथपाल बाईंनी एकच अट घातली: मुलींसाठी वेगळी वेळ ठेवू नका, सगळ्यांना एकत्रच बसवा. मला पटली. 'मायक्रो मेजेस' चौघांना एकदम खेळता येतो आणि आपल्याकडे जॉयस्टिक दोनच आहेत, तेव्हा शनिवारच्या आत आणखी दोन कंट्रोलर आणायला तपकीर गल्लीत जाते आहे.

तुझी,
एक खेळाडू